हा मनापासून गातोय का?

मंडळी, १० फेब्रुवारी १९९७. व्हॅलेंटाइन डे चार दिवसांवर आलेला. ब्रिटनमध्ये ब्रिटपॉपची, म्हणजे तिथल्या गिटारवाल्या पॉप-रॉक बँडांची, हवा होती, आणि त्या हवेत सात गाण्यांचा एक छोटा अल्बम आला: 'अ शॉर्ट अल्बम अबाउट लव्ह'. बँडचं नाव द डिव्हाइन कॉमेडी. बँड म्हणायचं, पण खरा कर्ता एकच, उत्तर आयर्लंडचा नील हॅनन.

अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत चढला. समीक्षकांना मात्र हॅनन कायम अवघड गेला. त्याचा भरदार आवाज आणि व्हायोलिनांच्या लाटा ऐकून स्कॉट वॉकर या जुन्या, भारदस्त आवाजाच्या गायकाची आठवण निघायची, ती रास्तच होती. पण मागोमाग शंका यायची: हा मनापासून गातोय, की प्रेमगीताची नक्कल करतोय? शंकेला कारण होतं. आदल्याच वर्षीच्या 'कसानोव्हा' या अल्बममध्ये त्याने रंगेल पुरुषाचं सोंग घेतलं होतं. ते सोंग डोक्यात ठेवून हा अल्बम ऐकला, की प्रत्येक ओळीत मिश्किलपणा दिसणारच.

मला ही शंकाच चुकीची वाटते. संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्या कानांना तर ती पडूच नये. नट रंग लावून, तान घेऊन रडतो, म्हणून त्याचं रडणं आपण खोटं मानत नाही.

या अल्बममधलं 'एव्हरीबडी नोज' घ्या. प्रियकर चांदण्यांना सांगतो, सूर्याला सांगतो, रस्त्यावरच्या लोकांना सांगतो, एका पोराला रडवतो. साऱ्या जगाला ठाऊक झालं, फक्त तिला नाही. हसू येतं ना? पण खरा प्रेमात पडलेला माणूस असाच हास्यास्पद दिसतो. त्याचं हसं आणि त्याचं दुःख वेगळं काढता येत नाही, आणि भव्य वाद्यवृंद त्या दोन्हींना एकदम उचलून धरतो.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऑक्टोबर १९९६मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये कार्यक्रमाआधीच्या साउंडचेकला, म्हणजे आवाजाच्या चाचणीच्या वेळी, रिकाम्या थिएटरात, ब्रुनेल एन्सेम्बलच्या वादकांबरोबर ही गाणी रेकॉर्ड झाली. गायक आणि वाद्यवृंद एकाच रंगमंचावर. म्हणून लय किंचित श्वास घेते, स्वर वाढला की तंतुवाद्यंही त्याच्याबरोबर वाढतात. यातलं 'टाइमवॉचिंग' हे गाणं त्याच्या १९९३च्या 'लिबरेशन' अल्बममध्येही आहे. घरी गेल्यावर दोन्ही लागोपाठ ऐका, मी काय म्हणतोय ते कळेल.

आता 'इफ' लावतो. तू रस्ता असतीस तर मी शेवटपर्यंत गेलो असतो, असं सुरू होतं. पुढे तो म्हणतो, तू घोडा असतीस तर मी तुझ्या तबेल्यातली लीद काढली असती, आणि कधी कुरकुर केली नसती. त्या ओळीला त्याचा आवाज जरासुद्धा हलत नाही. दिवे थोडे मंद करता का? ऐकू या.