साथीला बसलेले कान

नमस्कार मंडळी,

बेळगावचा माणूस माइकसमोर उभा राहिला की सीमाप्रश्नावर किंवा कुंद्यावर बोलणार, हे ठरलेलेच असते. आज दोन्ही नाहीत. कुंदा जेवणात आहे. मला बोलायचे आहे ते आपण राहतो त्या या नेदरलँड्समध्ये नाव कमावलेल्या लाहाव शानी या तरुण कंडक्टरविषयी, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकाविषयी. (आम्हा खानापूर-बेळगाव एसटीने शाळेत गेलेल्यांना कंडक्टर म्हटले की आधी शिट्टी आठवते, तो भाग वेगळा.)

१९८९ साली तेल अवीवमध्ये जन्मलेले शानी सहाव्या वर्षी पियानो शिकू लागले. बर्लिनमध्ये शिक्षण, २०१३ मध्ये बाम्बर्गच्या माहलर संचालन स्पर्धेत पहिला क्रमांक, २०१८ मध्ये रॉटरडॅम फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या इतिहासातील सर्वांत तरुण प्रमुख संचालकपद आणि २०२० मध्ये इस्रायल फिलहार्मोनिकमध्ये मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांची जागा, हा प्रवास वृत्तपत्रांत येऊन गेला आहे. त्या यादीत न मावणारी गोष्ट मला मोलाची वाटते. शानी डबल बासही शिकले. माणसाहून उंच असलेले हे वाद्य बहुधा इतरांच्या सुरांखाली पाया धरून असते आणि श्रोत्यांची नजर त्याच्याकडे क्वचितच जाते. मेहतांनीही व्हिएन्नात शिकताना हेच वाद्य हाती घेतले होते.

बेळगावचे संगीत म्हटले की सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे नाव आधी निघते आणि पेटीवाले पं. रामभाऊ विजापुरे मागाहून आठवतात, हे साथीदाराच्या नशिबाला धरूनच आहे. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर आणि डोळे गायकाच्या चेहऱ्यावर, अशा बैठकीत गायक श्वास कुठे घेणार हे ज्याला आधी कळते त्याचीच साथ जमते. लहानपणी अनगोळच्या भजनात मी पेटीवर जोरात हात चालवू लागलो, तेव्हा आमच्या बुवांनी भात्यावर तळवा ठेवून पेटीच बंद केली आणि म्हणाले, “आधी ऐक की.”

शानी जेव्हा पियानोवर बसूनच वाद्यवृंद चालवतात, तेव्हा मला ती बैठक आठवते. अशा वेळी पियानोचे झाकण काढलेले असते आणि वादक श्रोत्यांकडे पाठ करून, वाद्यवृंदाकडे तोंड करून बसतो. मोत्सार्टही आपले पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, वाद्यावर बसूनच सादर करीत असे. दोन्ही हात पट्ट्यांत अडकल्यावर मानेचा झोका, भुवई आणि घेतलेला श्वास एवढ्यावरच पुढचा सूर उठवायचा असतो. एक हात मोकळा झाला की तो क्षणभर हवेत जातो आणि परततो. अर्थात मैफलीतील साथीदार गायकामागे जातो, तर इथे सारा वाद्यवृंद या एकाकडे पाहत असतो, हा फरक मोठा आहे. पण कान तेच लागतात.

आपली मुले इथे पियानो शिकतात, परीक्षा देतात, एकटी वाजवतात आणि टाळ्या घेऊन उतरतात. दुसऱ्याच्या गळ्यामागे जाण्याची पाळी त्यांच्यावर सहसा येत नाही. यंदा गणेशोत्सवातील भजनाला पेटीवर कोण बसणार, हे अजून ठरलेले नाही. पियानो शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी जेवणाआधी मला भेटावे.