‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नव्हे

हा पुण्यातला अप्पा बळवंत चौक, पुस्तकांच्या दुकानांचा. इंग्रजी-मराठी शब्दकोश मागितलात, तर दुकानदार तीन-चार काउंटरवर टाकतो. कुठलाही उघडा, ‘रन’ काढा. पहिला अर्थ धावणे, तो सगळ्यांना येतो. बोट जरा खाली न्या, की धावणारं कुणी दिसेनासं होतं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ साली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे ‘रन’ने तिला मागे टाकलं. या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. संपादक पीटर गिलिव्हर नऊ महिने त्यावरच बसले होते.

एवढे अर्थ आले कुठून? बरेचसे यंत्रांमुळे. इंजिनं आली, गिरण्या आल्या. जे जे सुरू राहतं, ते इंग्रजीत ‘रन’ व्हायला लागलं. मग संगणक आला. हिंजवडीत आज अस्सल मराठी माणूस ‘कोड रन होत नाहीये’ म्हणतो, तेव्हा धावणं सोडाच, सगळे तासन्‌तास खुर्चीला चिकटलेले असतात. मराठीत हे काम ‘चालणे’ करतं. मशीन चालतं, दुकान चालतं, घड्याळ चालतं.

पण प्रत्येक ठिकाणी ‘चालणे’ चालत नाही. लक्ष्मी रोडवर कापडाचा तागा उलगडला जातो. लेबलवर इंग्रजीत लिहिलेलं असतं, रंग ‘रन’ होऊ शकतो. बाई विचारतात, “रंग जाणार नाही ना?” दुकानदार म्हणतो, “पहिल्या धुण्याला थोडा जाईल. वेगळं भिजवा, ताई.” नाक ‘रन’ झालं की आपल्याकडे ते गळतं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तो उभा राहतो.

खरी फजिती मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांनी होते. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणं. जुना मित्र टिळक रोडवर भेटला हे सांगताना दुसरं वापरलंत, तर ऐकणारा आधी ॲम्ब्युलन्सची चौकशी करेल.

क्रिकेटचा ‘रन’ मात्र आपण कधीच घरात घेतला. पेपरवाले ‘धावा’ छापतात, एस. पी. कॉलेजच्या मैदानावरची पोरं ‘रन’च म्हणतात. चौकार गेला तर फलंदाज बॅट टेकवून जागीच उभा, आणि खात्यात चार रन जमा.