हेवी मेटल नेमकं कुणाचं?

(दृश्य: बर्मिंगहॅमचा ॲस्टन भाग. विटांची चाळवजा घरं, मागे कारखान्यांची धुराडी.)

1965. बर्मिंगहॅममधला पत्र्याचा कारखाना. सतरा वर्षांच्या टोनी आयोमीचा इथला शेवटचा दिवस. जेवायला घरी आला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती. आईने मात्र पाठवलंच. दुपारी त्याला पत्रा दाबायच्या यंत्रावर उभं केलं. यंत्र हातावर आलं, त्याने हात खेचला, आणि मधल्या बोटाचं नि अनामिकेचं टोक गेलं. उजव्या हाताचं. टोनी डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका हाच.

भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखी दोन टोपणं केली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. गिटारला बारीक तारा लावल्या. पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडच्या 1971च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार दीड स्वर खाली उतरवली. तारा सैल पडल्या, बोटांचा त्रास कमी झाला आणि आवाजाला असा जडपणा आला की पुढच्या कित्येक बँडनी धडधाकट बोटांनी तोच गिरवला.

(दृश्य: तीन अल्बमची कव्हरं शेजारी शेजारी.)

सगळ्यात भारी रॉक बँड कुठला, या वादाला अंत नाही. बीटल्सवाले एका बाजूला, पिंक फ्लॉइडवाले आपल्याच तंद्रीत, आणि फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून ‘क्वीन’ला घरचं समजणारे आपण मराठी लोक तर आहोतच. पण खरी हमरीतुमरी होते ती हेवी मेटल या रॉकच्या जड, कर्कश प्रकाराच्या जन्मावरून. दावेदार तीन, तिघेही इंग्लंडचे, तिघेही 1968चे: ब्लॅक सॅबथ, लेड झेपेलिन, डीप पर्पल.

झेपेलिनचा दावा मी आधीच बाजूला ठेवतो, आणि तो त्यांचा अपमान नाही. जिमी पेजच्या गिटारमध्ये अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांचा ब्लूज ठासून भरलेला आहे. इतका, की ब्लूज गीतकार विली डिक्सनने झेपेलिनला ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्याच्या शब्दांवरून कोर्टात खेचलं आणि शेवटी तडजोड करावी लागली. तिसऱ्या अल्बमची दुसरी बाजू तर बहुतेक साध्या, बिनविजेच्या गिटारची. 1972मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, इथले वादक जमवून आपलीच दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं. ऐकून बघा. तबल्याच्या ठेक्यावरही गाणं झेपेलिनचंच राहतं. अशांना एका खणात कोंबायचं कशाला?

आणि त्यांचा ड्रमर जॉन बॉनहॅम! हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत जिन्याच्या तळाशी त्याचे ड्रम मांडले आणि दोन माइक वरून सोडले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’च्या सुरुवातीला आपण ऐकतो तो ठोका त्या जिन्यातून घुमून आलेला आहे.

(दृश्य: स्वित्झर्लंड. माँत्रोचं सरोवर, काठावरचं मोठं हॉटेल.)

डीप पर्पलचा दावा मजबूत आहे. जॉन लॉर्ड ऑर्गन वाजवायचा, पण तो जोडायचा गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला. त्यामुळे चर्चमध्ये शोभणारं वाद्य चक्क गुरगुरायला लागलं. 4 डिसेंबर 1971ला माँत्रोचा कॅसिनो जळला, तिथे रेकॉर्डिंग करायला आलेला हा बँड रस्त्यावर आला. मग बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून त्यांनी ‘मशीन हेड’ रेकॉर्ड केला. रेकॉर्डिंगची यंत्रणा बाहेर ट्रकमध्ये. वाजवलेलं ऐकायला जायचं तर बाल्कन्या ओलांडत जावं लागे, म्हणून शेवटी त्यांनी ऐकायला जाणंच सोडून दिलं. त्या आगीच्या धुरावरचं गाणं, ‘स्मोक ऑन द वॉटर’, आज गिटार शिकणारं प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात वाजवतं. शेजाऱ्यांना विचारा.

तरी माझं मत सॅबथला.

कारण ऐकायचं असेल तर त्यांच्या पहिल्याच अल्बममधलं पहिलं गाणं लावा. 13 फेब्रुवारी 1970, वार शुक्रवार, त्या दिवशी बाजारात आलेला हा अल्बम. बहुतेक सगळा एका दिवसात वाजवून मोकळे झाले होते. पाऊस, घंटा, आणि मग तीन स्वर: सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. बस. युरोपात या अंतराला सैतानी म्हणून बदनाम केलेलं. आपल्या कानाला तीव्र मध्यमाचं काय कौतुक, यमन ऐकत तर लहानाचे मोठे झालो. पण तिथे गंधार, पंचम, निषाद सोबतीला असतात. आयोमी तो एकटा सोडतो, अतिशय संथ, नि वर थरथरवतो. पर्पल वेगात धावतात, झेपेलिन झुलवतात. सॅबथ जागचे हलत नाहीत, आणि तिथेच ब्लूज मागे पडतो.

(दृश्य: व्हिला पार्क स्टेडियम, गर्दी.)

5 जुलै 2025. ॲस्टनमध्येच, व्हिला पार्कवर सॅबथचे मूळचे चौघे कित्येक वर्षांनी एकत्र उभे राहिले. गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला. 22 जुलैला तो गेला. व्हिला पार्कच्या त्या मैफलीत मेटॅलिका, स्लेयर, पँटेरा हे पुढच्या पिढीचे मेटल बँड सगळे सॅबथची गाणी वाजवून गेले.

पर्पलवाले यावर गप्प बसणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे हुकमी पान आहे तेही मेटॅलिकाचंच. ड्रमर लार्स उलरिकने 2006मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सॅबथचं स्वागत केलं, आणि 2016मध्ये त्याच मंचावर पर्पलचंही. आयुष्यातली पहिली मैफल त्याने ऐकली ती नवव्या वर्षी, कोपनहेगनला. पर्पलची.