बाटली तीच, गाणं दुसरं

मंडळी, आजचा विषय आहे वाइन, खाणं आणि संगीत या तिघांचं जमवायचं कसं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. वाइनची अर्धी चव बाटलीतून येते. उरलेली अर्धी टेबलावर तयार होते: ग्लासातल्या तापमानातून, आधीच्या घासातून आणि कानावर पडणाऱ्या सुरांतूनही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, घरी पडताळून बघा. त्यासाठी आठ माणसं, दोन बाटल्या, एक लिंबू आणि एक स्पीकर एवढं सामान पुरतं.

कानांकडे जाण्याआधी डोळ्यांबद्दल बोलायला हवं, कारण वाइनच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवतात ते डोळे. 2001 साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातला एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जील मोरो, फ्रेडेरिक ब्रोशे आणि देनी द्युबुर्दियू हे त्याचे लेखक. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना आधी एक व्हाइट आणि एक रेड वाइन दिली आणि वासाचं वर्णन करायला सांगितलं. व्हाइटला त्यांनी मध, लिंबू अशा फिकट रंगाच्या गोष्टींचे शब्द वापरले, तर रेडला गडद फळांचे. पुढच्या बैठकीत पुन्हा दोन ग्लास आले. या वेळी दोन्हींत तीच व्हाइट होती, फक्त एकीत वास नसलेला द्राक्षाचा लाल रंग मिसळला होता. त्या लाल दिसणाऱ्या व्हाइटला विद्यार्थ्यांनी रेडचे शब्द लावले.

आता ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल ती बहुधा अशी, की ‘मोठमोठ्या तज्ज्ञांना रेड आणि व्हाइटमधला फरकसुद्धा कळत नाही, सगळं थोतांड आहे.’ हे मला मनापासून खटकतं. ते नामांकित तज्ज्ञ नव्हते, विद्यार्थी होते. ‘ही रेड की व्हाइट?’ असा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. निष्कर्ष वासाच्या वर्णनाबद्दल होता. घोट घेतल्यावर हिरड्यांना जो तुरटपणा जाणवतो, तो त्यात मोजलाच नव्हता. वासाचे शब्द शोधताना मेंदू आधी डोळ्यांना विचारतो, हे या प्रयोगाने दाखवलं, आणि हे ‘थोतांड’ म्हणण्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. डोळे वासात ढवळाढवळ करतात, तर कान का करणार नाहीत? सगळा विषय इथूनच सुरू होतो.

घरी हे करायचं असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधा आणि रेड, व्हाइट दोन्ही 14 अंशांवर आणून द्या. तापमान सारखं नसेल तर खेळ फसतो, कारण थंड ती व्हाइट हे ओठांनाच कळतं. तापमान सारखं असलं की नुसत्या वासावर बरेच जण अडखळतात, पण घोट घेतल्यावर सावरतात, कारण रेडमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, लपत नाही.

तापमानाचं नाव निघालंच आहे तर त्याबद्दल जरा सविस्तर बोलतो. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ या एका वाक्याने जेवढ्या बाटल्यांचं वाटोळं केलंय, तेवढं खराब बुचांनीही केलं नसेल. हा नियम आला युरोपातल्या अशा घरांतून, जिथे खोल्या उबदार ठेवायची आजची साधनं नव्हती. तळघरातून 12 अंशांवरची बाटली वर आणायची आणि 16 ते 18 अंशांच्या खोलीत ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. 28 अंशांच्या खोलीत तोच नियम पाळला तर अल्कोहोल भराभर उडतं, नाकाला झोंबतं, फळाचा वास त्याखाली दबतो आणि वाइन जड, सैल लागते. लोक म्हणतात, ‘मला रेड सोसत नाही.’ त्यांना ती योग्य तापमानावर कधी मिळालेलीच नसते.

उलट चूकही होते. व्हाइट थेट 4 अंशांच्या फ्रिजमधून काढून ओतली तर वास बंद होतो, उरतो फक्त थंड आंबटपणा. रेड तेवढी थंड केली तर तुरटपणा आणि कडवटपणा वर येतात. म्हणून हे आकडे लिहून घ्या. फेसाळ वाइन 6 ते 10, हलकी व्हाइट 7 ते 10, लाकडी पिंपात मुरलेली भारदस्त व्हाइट 10 ते 13, हलकी रेड 12 ते 14, जड रेड 16 ते 18 अंश.

गार करायचं कसं? बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी. नुसता बर्फ घातला तर तो बाटलीला ठिकठिकाणी टेकतो, मधल्या फटींत हवा राहते आणि हवा उष्णता सावकाश ओढते. पाणी काचेला सगळीकडून भिडतं. 28 अंशांची रेड अशा बादलीत साधारण दहा मिनिटांत 17 पर्यंत येते, व्हाइटला 8 पर्यंत यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मूठभर मीठ टाकलं तर आणखी लवकर. फ्रिजमध्ये त्याच रेडला सव्वा-दीड तास लागतो. गळ्यापर्यंत पाणी नसेल तर पहिला ग्लास कोमट निघतो, म्हणून बाटली मधूनमधून हलक्या हाताने फिरवा. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. वाइन उणे 5-6 अंशांच्या आसपास गोठते, फुगते आणि बूच वर ढकलते. आणि थंड केल्यावर तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर बाटली टाकून देऊ नका. ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, निरुपद्रवी.

ग्लासाचं थोडक्यात. तोंड पोटापेक्षा अरुंद हवं, म्हणजे वास वर गोळा होतो. तिसऱ्या हिश्शाच्या वर भरू नका, नाहीतर फिरवताना कपड्यांवर येईल. धरायचा दांडीला, कारण तळहाताच्या उबेने 50 मिली वाइन काही मिनिटांत तापते. ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुतलेले बरे. साबणाचा थर राहिला तर फेसाळ वाइनचे बुडबुडे टिकत नाहीत आणि त्याचा वास प्रत्येक घोटाला चिकटतो. पाहुण्यांना अत्तर लावू नका म्हणून आधीच सांगा. न विसरता ठेवायची गोष्ट म्हणजे थुंकायचं भांडं. त्यात कसलाही कमीपणा नाही, सहाव्या ग्लासालाही जीभ ताळ्यावर राहावी म्हणून ते असतं. आणि ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला तर ती बाटली बाजूला ठेवा. बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचा तो दोष आहे. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, आणि ग्लासात कितीही फिरवलं तरी जात नाही.

आता ताट. पाठ करायला शेकडो जोड्या आहेत. त्या मी सांगणार नाही, कारण त्यामागची रसायनं चार-पाचच आहेत आणि ती एका बशीत मावतात. बशीत चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, चमचाभर जॅम, शिजवलेले मशरूम, टणक चीजचा तुकडा आणि तिखटाची चिमूट. सोबत दोन ग्लास: रेड म्हणून कोवळी, टॅनिन भरपूर असलेली काबर्ने सोव्हिन्यों आणि व्हाइट म्हणून तरतरीत सोव्हिन्यों ब्लां. क्रम असा: घोट, घास, पुन्हा घोट. लक्ष द्यायचं ते दुसऱ्या घोटाकडे.

लिंबू चाटून व्हाइट प्या. मघाशी दात आंबवणारी वाइन आता मऊ, जवळजवळ गोडसर लागेल. म्हणून आंबट पदार्थाला आंबट वाइनच हवी, नाहीतर वाइन पाणचट होते. मीठ जिभेवर ठेवून रेड प्या, कडवटपणा मागे सरतो आणि फळ पुढे येतं. चीजसोबतही तेच, पण कारण वेगळं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून त्यांचा साका करतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धता टॅनिनला आधीच गुंतवून ठेवतात.

आता जॅम खाऊन रेड प्या. तोंड वाकडं होईल. तीच वाइन आंबट, तुरट, रोड लागेल. गोडाबरोबरची वाइन त्या गोडापेक्षा गोडच हवी, या नियमाला मी तरी अपवाद मानत नाही. वाढदिवसाच्या केकबरोबर ब्रूट, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली फेसाळ वाइन, उघडणं ही जगातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. केकपुढे डेमी-सेक ही गोड फेसाळ वाइन घ्या, तिच्यात 32 ते 50 ग्रॅम असते. मशरूमनंतरही रेड कडवट होते, कारण उमामी, म्हणजे मशरूममधली ती भरीव, रश्शासारखी चव, टॅनिनला टोक काढते. त्याच मशरूमवर मीठ आणि लिंबू टाका, वाइन परत माणसात येते. मला हा सगळ्या बशीतला सर्वांत आनंदाचा क्षण वाटतो. वाइन बदलायची गरज नाही, ताटात मीठ-लिंबू घाला! शेवटी तिखट. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, तेव्हा साडेचौदा टक्क्यांची रेड लांब ठेवा आणि नऊ-दहा टक्क्यांची किंचित गोड रीसलिंग ही व्हाइट आणा.

मासे आणि रेडचं वैर काल्पनिक नाही. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की गुन्हेगार टॅनिन नसून लोह आहे. वाइनमध्ये लिटरला 2 मिलिग्रॅमच्या वर लोह असलं की शिंपल्यांबरोबर तो मासळीचा उग्र वास मागाहून येतो. लोह कमी असलेली रेड मुकाट्याने चालून जाते, पण बाटलीवर लोहाचा आकडा छापत नाहीत, हीच अडचण आहे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत आणि मूळ विषय अजून बाकी आहे. तेव्हा संगीत, भराभर.

एड्रियन नॉर्थ या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटनमध्ये 250 माणसांवर केलेला प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. वाइन एक रेड, एक व्हाइट. कुणाच्या कानावर ‘कार्मिना बुराना’चा दणदणीत समूहस्वर, कुणाच्या ‘नटक्रॅकर’मधलं नाजूक वॉल्ट्झ, कुणाला चटपटीत गाणं, कुणाला संथ, मृदू सूर आणि एका गटाला शांतता. प्रत्येकाने एकच वाइन, एकाच संगीतासोबत प्यायली. जसं संगीत तशी वाइन लागली: दणदणीत ऐकणाऱ्यांना ती जास्त दणकट वाटली, नाजूक ऐकणाऱ्यांना जास्त नाजूक. त्याआधी 1997 मध्ये नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी एका सुपरमार्केटात फ्रेंच आणि जर्मन संगीत आलटून पालटून लावलं होतं. ज्या देशाचं संगीत, त्या देशाची वाइन जास्त खपली, आणि संगीतामुळे घेतली असं कबूल करणारे मोजकेच होते.

ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांच्या गटाने हे सुरांपर्यंत नेलं. तार सप्तकातले सूर आणि पियानो लोकांना गोडाशी जुळतात, खर्जातली पितळी वाद्यं कडूशी. तुटक, द्रुत सूर आंबटाशी बसतात. यातून घरगुती सूत्र असं काढा. फेसाळ आणि आंबट व्हाइटला द्रुत लय, बासरी, वरचा पियानो. मुरलेल्या, लोण्यासारख्या शार्दने या व्हाइटला लांब ओढलेले तंतुवाद्यांचे सूर. टॅनिनच्या रेडला चेलो, खर्जातला आवाज, विलंबित लय. गोड वाइनला वरच्या पट्टीतलं मऊ, सलग काहीतरी. वाइनचा एखादा गुण पुढे आणायचा असेल तर त्याच्या जातीचं संगीत लावा. झाकायचा असेल तर उलट जातीचं, म्हणजे कडवट रेडपुढे पितळी खर्ज नको, वरचा पियानो ठेवा. आवाज सहज गप्पा मारता येतील इतपतच. विमानातल्यासारख्या 80-85 डेसिबलच्या गोंगाटात गोडी दबते हे प्रयोगांत दिसलंय, मग सुरांचा बारीक परिणाम ऐकू कुठून येणार? आणि शब्द असलेली ओळखीची गाणी टाळा, आठवणी चवीवर चढून बसतात.

प्रयोग असा करा. आठ माणसं, एकच बाटली, प्रत्येकी 40 मिलीचे दोन ग्लास, म्हणजे 640 मिली. दोन्ही ग्लास आत एकदमच भरा, एकाच तापमानावर. पाहुण्यांना एवढंच सांगा, की दोन वाइन आहेत. पहिलं संगीत अर्धा मिनिट आधी सुरू करा, मग घोट. कागदावर चार गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे: आंबट, गोड, तुरट, जड. पाच मिनिटं शांतता, साधा ब्रेड, पाणी. मग दुसरं संगीत, दुसरा ग्लास. चार जणांना उलट क्रमाने, वेगळ्या खोलीत बसवा. हे टाळू नका. तुरटपणा घोटागणिक साचत जातो आणि दुसरा ग्लास तोवर थोडा तापतो. सगळ्यांचा क्रम एकच ठेवला तर फरक संगीताचा की क्रमाचा, ते सांगता येत नाही. गुण देईपर्यंत कुणी तोंडातून ‘वा’सुद्धा काढायचा नाही, कारण एकाने ‘चेरी’ म्हटलं की सगळ्यांना चेरीच लागते.

बाटली दाखवायची ती सगळ्यांचे कागद गोळा झाल्यावर. आणि उरलेली 110 मिली राखून ठेवा, काही जण हमखास म्हणतील की तुम्ही फसवताय, त्यांना शांततेत पुन्हा चाखायला द्यायला ती लागते.