खाली दुबार पेरणी

नमस्कार श्रोतेहो.

श्रावणातला रविवार होता. अंबाजोगाईहून मुकुंदराजांच्या समाधीकडं आमच्या वनस्पती मंडळाची वीसेक माणसं झाडं बघायला निघाली होती. दरी अजून लांब होती, पण एका सोयाबीनच्या बांधावर सगळे थांबले ते तासभर हललेच नाहीत. कारण होता केना.

केना कुणाला माहीत नाही? पावसाळ्यात बांधाबांधावर असतो. पण खाली बसून बघा एकदा. हिरव्या द्रोणासारख्या घडीतून फूल वर येतं. दोन पाकळ्या मोठ्या निळ्या, तिसरी बारकी, खाली दडलेली. दुपार व्हायच्या आत ते फूल मिटून जातं, म्हणून आम्ही सकाळी लवकर निघतो. आमच्याबरोबरचे वनस्पतिशास्त्राचे सर हे सांगत होते, तेवढ्यात शेजारच्या पातीवर खुरपणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "वरचं काय बघताय सर? कितीबी खुरपा, खाली ह्याची दुबार पेरणी चालूच असती."

सरांनी मावशींचंच खुरपं घेऊन माती हलक्या हातानं सारली. पांढुरक्या दोऱ्यासारख्या फांद्या निघाल्या आणि त्यांना चिकटलेल्या बारीक मिटलेल्या कळ्या. ही फुलं कधीच उमलत नाहीत. मातीच्या आतच, स्वतःच्याच परागांनी त्यांचं बी धरतं. सरांनी हे पुस्तकात वाचलं होतं, मावशींना ते खुरप्याच्या टोकाला सापडलं होतं. त्या दिवशी आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, मीही त्यातलाच.

तेव्हापासून आमच्या महिन्याच्या बैठकीत एक रीत पडली आहे. फांदी समोर ठेवली की आधी विचारायचं, तुमच्या घरी याला काय म्हणतात? शास्त्रीय नाव त्यानंतर. ते लागतंच, कारण एकाच रोपाला दोन तालुक्यांत दोन नावं असतात. त्यासाठी प्रा. व्ही. एन. नाईक यांचे मराठवाड्यातल्या वनस्पतींवरचे 1998 सालचे दोन खंड टेबलावर असतात. आपल्या भागासाठी केवढं मोठं काम आहे ते! पण घरचं नाव एकदा हरवलं, तर ते कुठल्या खंडात शोधायचं?

आता तरोटा घ्या. 1972 च्या दुष्काळात तरोट्याच्या भाजीवर दिवस काढलेली माणसं आजही गावोगाव आहेत. पण तरोट्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो. फूल तसंच पिवळं, शेंगही लांब, आणि त्याचं बी विषारी. फरक पानात आहे. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या, टोकं गोल, आणि संध्याकाळ झाली की त्या मिटतात. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असतात, जोड्या जास्त, आणि पान चुरगाळलं की घाण वास येतो. फोनवर फोटो काढून नाव विचारणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फोनला वास येत नाही. भाजी म्हणून काही खुडायचं असेल, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय खुडू नका.

मनाला लागलेली एक गोष्टही सांगतो. एका बांधावर आम्ही चार वर्षं करटुल्याचा एक वेल बघत होतो. करटुल्यात नर वेल वेगळा, मादी वेगळी. ही मादी होती, दरवर्षी फळायची. गेल्या वर्षी त्या बांधावर तणनाशक फवारलं गेलं. यंदा मृग गेला, आर्द्रा गेली, वेल फुटला नाही. पिकातल्या तणाचा त्रास मला समजतो, मजुरीही परवडत नाही. पण निदान बांध तरी सोडा हो.

दरीत सध्या कळलावी फुललेली आहे. पानाचं टोकच वळून आधाराला विळखा घालतं, आणि पिवळ्या पाकळ्या वर उलटून लाल होत जातात. घरात आणली तर भांडणं लागतात, असं जुनी माणसं सांगतात. झाड अंगभर विषारी आहे, कंद तर फारच, तेव्हा ती नुसती बघायची, उपटायची नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दरीच्या तोंडाशी भेटतोय. पाणी, भाकरी आणि असलं तर भिंग आणा. आणि घरात आजी असेल तर तिला नक्की आणा. तिला बसायला सतरंजी आम्ही आणतो.