जेवून आलो, कितोच्या स्पॅनिशमध्ये

(दृश्य: सकाळ. डोंगरउतारावर पसरलेलं शहर, मग एक स्वयंपाकघर.)

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वादोरची राजधानी कितो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवरचं शहर. चुलीवर बटाट्याचं घट्ट सूप, लोक्रो, रटरटतंय. पाहुण्याला "बसा, थोडं घ्या" असं म्हटलं, तर तो पोटावर हात ठेवून म्हणेल, "विने कोमिएन्दो."

स्पेनमधल्या माद्रिदचा माणूस हे ऐकून गोंधळेल. 'विने' म्हणजे आलो. 'कोमेर' म्हणजे खाणं, जेवणं. 'कोमिएन्दो' म्हणजे खात, जेवत. 'एस्तोइ कोमिएन्दो', मी जेवतोय. शाळेत शिकवतात ते एवढंच: आर-कारान्त धातूला 'आन्दो', बाकीच्यांना 'इएन्दो', आणि अर्थ चालू क्रियेचा. म्हणजे पाहुणा रस्ताभर काहीतरी खात खात आला?

नाही. तो म्हणतोय, "जेवून आलो."

आपल्याला हे चटकन कळतं, कारण मराठीत यासाठी दोन वेगळी रूपं आहेत. जेवत, आणि जेवून. कितोच्या बोलीत एकच 'कोमिएन्दो' दोन्ही कामं करतं.

(दृश्य: आन्देस, म्हणजे अँडीज पर्वताच्या उतारावरची शेतं.)

कितोच्या स्पॅनिशमध्ये हे 'जेवून'मधलं 'ऊन' आलं कुठून? इथल्या डोंगराळ भागाची जुनी भाषा किचवा. मराठीसारखंच तिचंही क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं. तिच्यात धातूला 'श्पा' लागतो: मिकुना म्हणजे खाणं, मिकुश्पा म्हणजे खाऊन. १५३४ मध्ये स्पॅनिश लोकांनी इथे आपलं शहर वसवलं. पुढे किचवा बोलणारे स्पॅनिश बोलू लागले, आणि मनातला 'श्पा' त्यांनी 'आन्दो-इएन्दो'वर चढवला, असं अनेक अभ्यासक मानतात. याला कुणी अशुद्ध स्पॅनिश म्हटलं तर मला पटत नाही. आईच्या भाषेतली वाक्याची घडी माणसांनी नव्या भाषेतही जपली, हे मला फार मोलाचं वाटतं.

घरातून निघताना एखादी बाई म्हणते, "देखे कोसिनान्दो." शब्दशः, शिजवत ठेवलं. अर्थ मात्र, स्वयंपाक करून ठेवलाय.

आणि सर्वांत गोड प्रयोग विनंतीचा. नुसतं "सिएर्रा ला पुएर्ता", दार लाव, हे इथे कानाला जरा रोखठोक लागतं. म्हणून 'देणे' हे क्रियापद मदतीला येतं: "दामे सेर्रान्दो ला पुएर्ता." स्पेनमधल्या माणसाला ते 'दार लावत मला दे' असं काहीतरी विचित्र ऐकू येईल. मराठीत मात्र शब्दाला शब्द ठेवत जा. सेर्रान्दो, लावून. दामे, मला दे.

(दृश्य: आजी पाटावर बटाटे सोलतेय. बाहेरून गार वारा येतो. ती मान न वळवता नातवाला सांगते.)

"दामे सेर्रान्दो ला पुएर्ता."

दार तेवढं लावून दे, बाळा.