एकच प्रत, नऊ घरं

(पाऊस. बेळगाव, टिळकवाडीतलं जुनं घर. पायरीवर ओल्या चपला.)

पुस्तकावर बोलायला बायका जमल्यात. चपला मोजल्या तर नऊ जोड भरतात. पुस्तक मात्र एकच.

एक काकू कोल्हापूरला लग्नाला गेल्या होत्या, येताना घेऊन आल्या. आल्या आल्या त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. मग शहापूर, वडगाव, अनगोळ असं घरोघर फिरलं. खुणा पेन्सिलनंच करायच्या, पान दुमडायचं नाही, आणि वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर नाव नि तारीख घालायची. चौथ्या घरी त्यावर आमटी सांडली. पान 62. कुणाच्या हातून, ते अजून कबूल झालेलं नाही. हा डाग आम्हाला इतका आवडला की या फिल्ममध्ये तुम्हाला तो तीनदा दिसेल.

पुस्तक एका लेकीनं बापावर लिहिलेलं. बाप गावाचा लाडका, घरात मात्र त्याची चाहूल लागली की सगळे गप्प. म्हातारपणी तिनंच त्याचं सगळं केलं. पण माफ केलं का, ते लिहिलेलं नाही. भांडण त्यावरच.

"माफ केली नसती तर रात्र रात्र जागली असती काय?"

"जागायला नर्सपण जागते की."

मग कोपऱ्यातल्या ताई बोलायला लागतात, आणि पुस्तक बाजूला राहतं.

"कन्नडसक्तीच्या विरोधातल्या आंदोलनात आप्पा हिंडलग्याच्या जेलात होते. 86 साल. मी चौथीत. सुटून आले तसं गल्लीभर पेढे वाटले. मी कितवीत आहे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मीपण कधी विचारलो नाही त्यांना."

विचारलो. बेळगावच्या बायका आलो, गेलो, केलो असंच बोलतात. पुण्याहून आलेला माणूस आधी हसतो. 1956 साली हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, 2004 पासून सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या ओसरीवरची मराठी कुठल्या निकालाची वाट बघत बसलेली नाही.

(ताईंचा चेहरा. निवेदन नाही.)

आता ही वही जवळून बघा. गटातली सगळ्यात लहान मुलगी लिहितेय. अक्षरं कन्नड, वाक्यं मराठी. शाळा कन्नड माध्यमाची, घरात मराठी. देवनागरी ती वाचते, पण भराभर लिहायचं म्हटलं की हात कन्नडकडेच वळतो. बापाबद्दल पुस्तकात आलेला प्रत्येक शब्द तिनं वेगळ्या पानावर उतरवलाय. बाबा, वडील, म्हातारा, ते. शेवटच्या 'ते'खाली दोन रेघा.

ताईंना आप्पांनी हट्टानं मराठी शाळेत घातलं होतं. पुढं नोकरीला कन्नड अडलं, आता त्या ब्लाऊज शिवतात. आप्पा गेले त्याला वर्ष झालं.

बशीतला कुंदा संपलाय. पुस्तक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत जातंय, पावसासाठी. ताईंनी ते मागून घेतलंय. शेवटच्या पानावर त्यांचं नाव आधीच एकदा आहे.